धुऊन वाळवलेला फिल्टर

मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, नाहीतर तुमचं-माझं काही मैत्र नाही. मी एक जुना, काळा पडलेला, कुबट वासाचा फिल्टर आहे. गाडीत एसी लावल्यावर तुमच्या तोंडावर जे वारं येतं, ते आधी माझ्यातून गाळून येतं. डॅशबोर्डच्या डावीकडच्या कप्प्यामागे माझी जागा. त्या कप्प्यात तुम्ही टोलच्या पावत्या, बंद पडलेली पेनं आणि अर्धवट बिस्किटांचे पुडे कोंबता. त्यामागे कोणी बसलंय हे तुमच्या गावीही नसतं.

चाकणकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. माझ्या घड्या बघून इस्त्रीवाल्यानेही मान डोलवली असती. माझं अंग कापडासारखं मऊ, पण शेवटी कागदाचं. माझ्या वाट्याला गाडी आली ती धायरीच्या दशरथरावांची. तेव्हा मला बरं वाटलं होतं, कारण माणूस फिल्टरमधला जाणकार निघाला.

दशरथराव पाणी शुद्धीकरण केंद्रातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी त्यांनी वाळूचे भलेमोठे फिल्टर सांभाळण्यात घालवली. ते फिल्टर गाळाने भरले की उलट्या बाजूने पाणी सोडून धुवायचे आणि पुन्हा कामाला लावायचे, अशी तिथली रीत. वाळूच ती, तिचं काय बिघडणार? धुणं झालं की गाळलेल्या पाण्याचा पहिला ग्लास दशरथराव स्वतः प्यायचे. "शहराला पाजायच्या आधी आपण प्यायचं," हे वाक्य गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवायचे. ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं. तेव्हा मला त्यांचा आदर होता. आता नाही.

गाडी घेतली होती ती दीपालीसाठी, त्यांच्या मुलीसाठी. तिला पोलिसात जायचं होतं. भरतीत तिला आठशे मीटर धावायचं होतं, आणि त्या धावण्यावर पोरीने जीव टाकला होता. सिंहगड रस्त्यावर कायम कुठेतरी खोदकाम चाललेलं. त्या धुळीतून तिने दुचाकीवर जाऊ नये म्हणून दशरथराव रोज सकाळी काचा बंद करून, एसी लावून, तिला शिवाजीनगरच्या मैदानावर सोडायचे. त्यांना स्वतःला गार वारं सोसत नाही. वारं येतं ती आपल्या बाजूची जाळी ते बंद ठेवत आणि सगळं वारं पोरीकडे वळवत.

ती धूळ मी गिळत होतो. सिमेंट, बसचा धूर, कडुनिंबाचा पाला, एकदा तर मेलेलं झुरळ. कौतुक कोणाचं झालं? एसीचं. "काय गार पडतोय!" असं सगळे म्हणायचे.

माझ्यासारख्याला वर्षातून एकदा बदलायचं असतं. धुळीच्या रस्त्यावर रोज फिरत असाल तर त्याही आधी. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात हे छापलेलं असतं, पण ते पुस्तक तुम्ही प्लास्टिकमधून बाहेर काढाल तर ना! मी माझ्या परीने ओरडून सांगितलं. वारं कमी केलं. पंखा वाढवला तर नुसती घरघर केली. पावसात काचांवर वाफ धरू दिली. एसी लावल्या लावल्या ओल्या पायपुसण्यासारखा वास सोडला. याहून मोठी बोंब एका कागदाने कशी मारायची? दशरथरावांनी लिंबाच्या वासाची बाटली आणून डॅशबोर्डवर चिकटवली.

सर्व्हिसिंगच्या दिवशी काउंटरवरच्या नम्रताने मला बाहेर काढून त्यांच्यापुढे धरलं.

"सर, केबिन फिल्टर फुल चोक झालाय. रिप्लेस करावा लागेल."

"धुवा की."

"हा पेपरचा असतो सर, वॉश नाही करत. आत फंगस होतो."

"मॅडम, तुमच्या जन्माच्या आधीपासून मी फिल्टर धुतोय. अर्धं पुणं ते पाणी प्यायलंय. अजून तरी कोणाची तक्रार आलेली नाही."

नम्रता गोड हसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिचाही मला राग आहे. एकदा तरी आवाज चढवायचा होता.

घरी आल्यावर दशरथरावांनी मला गॅलरीत उभं केलं आणि नळाला पाइप लावून उलट्या बाजूने पाण्याचा मारा केला. अगदी नोकरीतल्यासारखं, शिस्तीत. वरचं काळं पाणी वाहून गेलं तसे ते खूश झाले. "बघ, प्रेमला! नवाकोरा झाला," असं त्यांनी बायकोला बोलावून दाखवलं. माझ्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, आतली धूळ चिखल होऊन बसली होती. ते कोणाला दिसणार? मग चिमटे लावून त्यांनी मला टॉवेलाशेजारी वाळत घातलं. दिवस पावसाळ्याचे. तो टॉवेल वाळला नाही, तर मी काय वाळणार! दुसऱ्या दिवशी गाडी लागणार होती, म्हणून ओल्या अंगानेच मला कप्प्यामागे सारलं. तिथल्या अंधारात माझ्या अंगावर बुरशी धरली.

मग दीपाली खोकायला लागली.

आधी फ्रिजच्या पाण्याला दोष दिला गेला. मग उघड्या खिडकीला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुठे ओल आहे का?" झालं, प्रेमलाताईंनी भिंती घासल्या, गाद्या उन्हात टाकल्या, कपाटं पुढे ओढली. ओल सापडली नाही, तेव्हा पोरीची लाडकी मांजर दुसऱ्यांना देऊन टाकली. मांजरीला सोडायलाही माझीच गाडी. दीपाली पिशवीवर हात ठेवून रडत होती, आणि तिच्या तोंडावर मी माझी बुरशी फुंकत होतो. मला लाज वाटायला हवी होती. मला संताप आला.

"स्टॅमिना कमी पडतोय तुझा. मन लाव जरा," दशरथराव तिला म्हणायचे.

"मनच लावलंय, पप्पा. श्वास पुरत नाही," ती म्हणायची.

पुढे दशरथरावांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गाडी घराखाली उभी राहिली आणि दीपाली बसने मैदानावर जाऊ लागली. भर धुळीत, तोंडाला ओढणी बांधून. तिचा खोकला गेला! पण बरं वाटलं की कोण विचार करतो? औषध लागू पडलं म्हणून सगळे मोकळे झाले.

भरतीच्या दिवशी दशरथरावांनी हट्ट केला. "आजच्या दिवशी बसमध्ये उभी राहून जाणार? मी सोडतो. आरामात जा."

मी इतके दिवस बंद गाडीत कुजत होतो. एसी सुरू होताच सगळं साठलेलं तिच्या अंगावर गेलं. स्वारगेट येईपर्यंत तिची छाती वाजायला लागली होती. मैदानावर काय झालं ते मी पाहिलं नाही. परत येताना कळलं. शेवटच्या वळणावर खोकल्याची उबळ आली, ती वाकली, आणि मागच्या मुली पुढे निघून गेल्या. पुढची भरती कधी निघेल, कोणालाच माहीत नव्हतं.

परतीच्या वाटेवर प्रेमलाताई मागे बसल्या होत्या, दीपाली पुढे. दीपाली खोकत होती. तिने वैतागून पंखा बंद केला, काच खाली केली. थोड्या वेळाने खोकला थांबला. दशरथरावांनी धूळ येते म्हणून काच वर घेतली, एसी लावला. खोकला पुन्हा सुरू. ती त्या जाळीकडे बघत राहिली.

"पप्पा, गाडी बाजूला घ्या."

राजाराम पुलापाशी गाडी थांबली. तिने कप्पा रिकामा केला, खाली ओढला आणि मला उपसून काढलं. मागच्या सीटवर प्रेमलाताईंनी नाकाला पदर लावला.

"अहो, ही ओल! अख्खं घर घासलं मी."

"परत धुतो. नीट धुतलं की..." दशरथराव म्हणाले.

"पप्पा," दीपाली अगदी हळू बोलली, "तिकडे फिल्टर धुतला की पहिला ग्लास तुम्ही प्यायचात ना? मग हा धुतल्यावर पहिला श्वास कोणी घेतला?"

तिने मला त्यांच्यापुढे धरलं. दशरथरावांनी मला दोन्ही हातांनी घेतलं, तोंडाशी नेलं आणि छाती भरून श्वास ओढला. माझ्याजवळ होतं ते सगळं मी त्यांना दिलं. हातचं काही राखलं नाही. ते इतके खोकले की चष्मा मांडीवर पडला. प्रेमलाताईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला नाही. पाण्याची बाटली पुढे केली ती दीपालीनेच.

आता मी त्यांच्या घरात कचऱ्याच्या बादल्यांपाशी पडलो आहे. मघाशी प्रेमलाताईंनी विचारलं, "अहो, हा ओल्यात टाकू का सुक्यात?" मी ओला आहे की सुका, हे मला गाडीत बसवताना विचारायचं होतं.

तर मित्रांनो, माझी कीव करू नका, ती मला नको. घरी जा, गाडीचा कप्पा रिकामा करा आणि माझ्या भाऊबंदाला बाहेर काढा. काळा दिसला तर धुऊ नका, फेका, नवा आणा. आणि तेवढाही कंटाळा येत असेल, तर निदान आपल्या बाजूची जाळी उघडी ठेवा. मुलांच्या आधी तो श्वास तुम्ही घ्या.