गदाईकाका पुन्हा तळ्यात पडले

मी एक जुने, विनोदी चित्रकथांचे पुस्तक आहे. माझे मुखपृष्ठ केव्हाच गेले. पाठीला चिकटपट्टी आहे. कोलकात्याच्या एका छापखान्यात पिवळी, गुलाबी, निळी आणि काळी अशा चार शाया एकीवर एक बसून माझा जन्म झाला. काळी जरा सरकली, म्हणून माझ्या गोष्टींतल्या गदाईकाकांना दोन दोन मिशा आहेत. मुले त्यालाच जास्त हसतात.

मित्रांनो, मी बंगालमधल्या नदिया जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात राहतो. येथे थॅलेसेमिया झालेली मुले येतात. त्यांच्या शरीरात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा बाहेरून द्यावे लागते. सुई टोचलेला हात हलवायचा नसतो. दुसऱ्या हाताने मुले माझी पाने उलटतात.

बितान माझा सर्वांत जुना वाचक. आमच्या नर्स अपर्णादी त्याला चिडवायच्या, "पुन्हा तेच? पाठ झालं असेल की रे!"

"पाठच आहे दीदी. पण काका तळ्यात पडल्यावर मासा कसा हसतो, ते बघायला नको?"

आज तो सकाळपासून पडून आहे. ओठ पांढरे पडलेत. रक्तपेढीत त्याच्या गटाचे रक्तच शिल्लक नाही. मगाशी त्याचा मामा गमछ्याने घाम पुसत आला.

"आपल्या गल्लीतले क्लबवाले म्हणतात, एवढ्या उन्हात रक्तदान शिबिर कोण भरवणार? दुर्गापूजेनंतर बघू."

"पूजेनंतर?" बितानची आई म्हणाली. "दादा, पोराला आजची संध्याकाळ काढायचीय!"

"रक्तपेढीत माझं घ्या म्हटलं, तर म्हणतात, गेल्याच महिन्यात दिलंयस." मामा तसाच पुन्हा बाहेर पळाला.

"मा, तू वाच ना. माझे डोळे मिटतायत."

आई मला उघडून वाचू लागली. तिचा आवाज फुटत होता.

"काका असे रडत नाहीत गं. ओरडतात ते!"

आई ओरडली, "अरे बापरे, पाणी!" शेजारच्या खाटांवरची पोरे खिदळली. बितान हसला नाही. त्याचे बोट माझ्या पानावरून घसरले.

मित्रांनो, माझी पाने दुमडू नका, तेलकट हात लावू नका, असे मी एरवी सांगितले असते. आज सांगत नाही. फाटलो तर मला चिकटवता येते. माझी शाई कारखान्यात तयार होते, रक्त होत नाही. घरातल्या धडधाकट मोठ्या माणसांना सांगा, रक्त द्यायला उन्हातच निघा. हसवायला मी आहे, पण हसणारा उरायला हवा.

आई पान उलटते आहे. कोणीतरी लवकर या.