चमचाभर तेल

चंदनबाला क्षयाच्या दवाखान्यातून बरी होऊन आली, तेव्हा दुसरी मोठी लढाई संपली होती आणि उसाला तुरे आले होते. छातीचा फोटो स्वच्छ होता, थुंकीत जंतू सापडत नव्हते. नवरा धरणेंद्र तिला गाडीतून घेऊन आला. पण गाडी पुढच्या दाराशी थांबली नाही. वळसा घालून परसात गेली. गोठ्याशेजारची खोली सारवून ठेवलेली होती.

"थोडे दिवस," धरणेंद्र खाली बघत म्हणाला.

सासूबाई आक्काताई वाईट नव्हत्या. भाकरी ऊन असे, वर तूप असे. पण ताट उंबऱ्यावर ठेवून त्या मागे सरत. चार वर्षांची रत्नू त्यांच्या लुगड्याआडून आईकडे टकमका बघे. आई दवाखान्यात गेली तेव्हा ती रांगत होती. चंदनबालेच्या हातांना अजून तेवढंच वजन आठवत होतं.

"संक्रांत होऊ दे, मग आत ये," आक्काताई म्हणाल्या. संक्रांत झाली. मग पाडवा होऊ दे म्हणाल्या.

दवाखान्यात निदान बोलायला हरणाबाई होती. शेजारच्या खाटेवरची, कराडकडची शेतकरीण. मुलगा पलटणीत, नवऱ्याने दुसरी केलेली, भेटायला कुणी येत नसे. "रडायचं आसंल तर माज्यासंगं रड," ती म्हणे. "एकटी रडलीस की ताप चढतोय." तापाचं खरं नव्हतं, पण दोघी बोलल्या की झोप लागे, हे मात्र खरं. इथे चंदनबाला भिंतीपलीकडचं रत्नूचं बोलणं ऐके आणि जागी राही.

तिथं रोज सकाळी चमचाभर माशाचं तेल देत. जैनाच्या घरची सून. तिने तोंड फिरवलं. वजन उतरत गेलं. शेवटी हरणाबाई करवादली, "गीळ की गं बाई! तुजा देव तुज्या गावात, पोरगी बी गावात. तितवर जायाला पायात जोर नगं व्हय?" तिने गिळलं. ओकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गिळलं.

हे तिने धरणेंद्राला सांगितलं होतं. "आईला कळू देऊ नकोस," तो म्हणाला होता. "जन्मात आत घ्यायची नाही."

पाडवा होऊन गेल्यावर एका दुपारी रत्नू एकटीच उंबऱ्याशी आली.

"तू बरी कवा होणार?"

"झाले की बरी."

"मग आज्जी तसं का म्हणत न्हाई?"

चंदनबालेचा हात आपोआप पुढे झाला. तेवढ्यात "रत्ने!" अशी हाक आली आणि पोर पळाली. हात कितीतरी वेळ तसाच राहिला.

मग ती उठून विहिरीवर गेली. आक्काताई पाणी गाळत होत्या. गाळण्यात राहिलेले जीव त्याच विहिरीत परत सोडायचे, म्हणून त्या बादली अलगद खाली सोडत होत्या.

"आत्या, मला आत कधी घेणार?"

"आखिती होऊ दे की."

"अक्षय तृतीयेनं काय बदलणार आहे?"

आक्काताईंचे हात थांबले. "मला काय ठावं बाई? डाक्टर म्हणतो किडं मेलं. दिसत न्हाईत ते मेलं का जितं, मी कशावरनं वळखू? पाण्यातलं जीव गाळता येतात. तुज्या छातीतलं कशानं गाळू? पोरीला काय झालं मंजे?"

एवढं त्या कधीच बोलल्या नव्हत्या. बोलण्यात तिटकारा नव्हता, नुसती भीती होती. त्या खरं बोलल्या होत्या. आता आपण खोटं घेऊन आत गेलो, तर रत्नूला पोटाशी धरताना दर वेळी ते मध्ये येणार, असं चंदनबालेला वाटलं.

"आत्या, मी तिथं माशाचं तेल प्याले. रोज. रत्नूसाठी."

बादली पाण्याला टेकली. आक्काताईंनी दोर सावकाश वर ओढला, बादली काठावर ठेवली, हात पदराला पुसले.

"आन् हे पोटात घेऊन इतकं महिनं गोठ्यापाशी बसलीस?"

"यांनी सांगू नको म्हटलं..."

"त्याला काय कळतंय! आगं, पापाला प्रायश्चित्त हाय. उपाध्ये सांगतील तेवढं करायचं, की संपलं. तुजा आजार कवा संपला म्हणायचं, हेच मेलं कुणी सांगत न्हाई."

त्याच संध्याकाळी त्या बस्तीच्या देवळात उपाध्यांकडे जाऊन आल्या. उंबऱ्यावर न थांबता, पहिल्यांदाच खोलीत पाऊल टाकून म्हणाल्या, "एकच उपास. बाकीचा जप. तुजी छाती नाजूक हाय म्हटलं मी. उरलेलं उपास मी धरते म्हटलं, तर म्हणतात दुसऱ्याचं धरता येत न्हाईत. म्हटलं, मग माजं म्हणून धरते!"

पारण्याच्या सकाळी चंदनबाला पुढच्या दाराने सोप्यात आली. उपास सोडायला तिने ओंजळ धरली आणि आक्काताईंनी रत्नूच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. आईला द्यायचं ते लांबून, एवढंच त्या पोरीला माहीत. तिने टाचा उंचावून, हात ताणून पाणी सोडलं. धार ओंजळीच्या कडेला लागून भुईवर उडाली. चंदनबालेने ओंजळ हलवली नाही.

"खाली धर गं," आक्काताई म्हणाल्या. "समदं सांडतंय."

रत्नूने वळून आजीकडे पाहिलं. "हात लागंल की."

"लागू दे."

रत्नूने टाचा टेकल्या. तांब्या दोन्ही हातांत घट्ट धरून ती एक पाऊल पुढे आली.