बायकांचा एक बँड आधीच आहे

दुसरं गाणं अर्ध्यावर आलं असताना ल्युबेक खुर्चीवरून उठला आणि कॉरिडॉरमधल्या फोनवर कुणाशी तरी हसत बोलू लागला. दार सताड उघडं होतं. गिटार वाजवता वाजवता लोरेटाला ते हसू दिसलं. ती थांबली नाही. उलट तारांवर असा हात मारला की अंगठ्याचं कातडं सोलून निघालं.

नॉर्थ हॉलिवूडमधली ती तालमीची खोली दुपारी भट्टीसारखी तापली होती. चौघींनी सकाळपासून फवारे मारून उभे केलेले केस आता कलायला लागले होते, काजळ गालांवर उतरलं होतं. त्यांचा बँड, ‘वेल्वेट क्रोबार’, सुरू होऊन पाच वर्षं झाली होती. सनसेट रस्त्यावरच्या सगळ्या क्लबांत त्यांनी वाजवलं होतं, खांबाखांबावर स्वतःची पत्रकं स्वतःच चिकटवली होती. पण मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस, हा ल्युबेक, ऐकायला आला, तो आज पहिल्यांदा.

तो परतला तेव्हा गाणं संपलं होतं.

“छान,” तो म्हणाला. “दणदणीत.”

“शेवट ऐकलात?” लोरेटाने विचारलं.

“बाहेरही ऐकू येत होतं की.” त्याने जाकीट उचललं. “पण अडचण अशी आहे, बायकांचा एक बँड आमच्याकडे आधीच आहे.”

“आणि पुरुषांचे किती आहेत?” ड्रममागून योली म्हणाली.

तो नुसता हसला. जाता जाता त्याने रॉबिनकडे, लोरेटाच्या धाकट्या बहिणीकडे पाहिलं. रॉबिन माईक धरून खाली मान घालून उभी होती.

दार लागताच लोरेटाने केसांच्या फवाऱ्याचा डबा भिंतीवर फेकला.

“पलीकडच्या खोलीतला तो टेरी! माझा स्कर्ट घालून स्टेजवर गेला होता! आयलायनर माझ्याकडून लावून घ्यायचा मेला, डोळे मिचकावत. त्याला करार मिळाला. ओठ रंगवलेले बाप्ये डझनाने चालतात यांना. बायकांचा बँड मात्र एकच!”

“लोरी, पुरे,” रॉबिन म्हणाली.

“तू का मिठाची गुळणी धरून बसली होतीस?”

लोरेटाने गिटार बाजूला ठेवली आणि उंच टाचांनी खडाखडा जिना उतरली.

ल्युबेकची गाडी पार्किंगमधून मागे येत होती. लोरेटा तिच्या वाटेत उभी राहिली आणि डिकीवर दोन्ही हात आपटले. ब्रेक करकचले.

“वेड लागलंय का? चिरडली असतीस!”

“वर चला. खुर्चीत बसा आणि अख्खं गाणं ऐका.”

“हे बघ—”

“ऐकायचं नव्हतं तर आलात कशाला?”

त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून तिच्याकडे नीट पाहिलं.

“बहिणीने तुला सांगितलेलं दिसत नाही.”

“काय?”

“गेल्या महिन्यात मी तिला विचारलं होतं. एकटीला. करार तुझा, मागे वाजवायला माणसं आमची. ती नाही म्हणाली. आधी माझा बँड ऐका, म्हणे. मी म्हटलं, ऐकूनही माझं उत्तर बदलणार नाही. तर म्हणाली, तरी या.” त्याने गाडी पुन्हा सुरू केली. “म्हणून आलो. कोपऱ्यावर कॉफी घेतोय. तिचा विचार बदलला असेल तर पाठव.”

लोरेटा बाजूला झाली. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर तिने भिंतीलगतच्या कचऱ्याच्या पिंपाला लाथ घातली, मग आणखी एक. बुटाची टाच मोडली तशी ती लंगडत वर आली.

योली आणि बेसवाली मार्नी वायरी गुंडाळत होत्या.

“काय म्हणाला?” रॉबिनने विचारलं.

“कोपऱ्यावर कॉफी पितोय. तुझी वाट बघत.”

वायरी गुंडाळणारे हात थांबले.

“मी नाही म्हटलंय त्याला,” रॉबिन हळूच म्हणाली.

“घरून, बेकर्सफील्डहून तुला मी ओढत आणली. मी! आणि तू माझ्यासाठी भीक मागतेस?”

“भीक नाही गं. मला वाटलं, एकदा तुझं वाजवणं ऐकलं की...”

“ऐकलं त्याने. जा.”

“लोरी—”

“जा म्हणते ना!”

रॉबिन हलली नाही. लोरेटाने मोडका बूट काढून कोपऱ्यात भिरकावला, मग दुसराही. गिटार गळ्यात अडकवून तिने योलीला मान हलवून खूण केली. योलीने आधी रॉबिनकडे पाहिलं, मग काड्या उचलल्या.

त्यांनी तिसरं गाणं सुरू केलं, ज्याच्यासाठी ल्युबेक थांबलाच नव्हता. लोरेटा खोलीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून वाजवत होती. सुरुवातीचे सूर संपले, रॉबिनने गायला लागायची जागा आली, पण माईकवरून आवाज आला नाही. तिने मान वळवली नाही. ती तेच सूर पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागली.