पाण्याखालचे पाच पट्टे

मी एक जुना लाकडी खांब आहे. अर्धा तळ्याच्या पाण्यात, अर्धा हवेत. होड्या बांधायला मला धक्क्याला लागून रोवलं, त्याला किती वर्षं झाली ते विचारू नका, मलाच आठवत नाही. माझ्या डोक्यावर बगळे बसतात आणि जाताना काय करून जातात, ते मी सांगायला नको. तरी माझी कधी तक्रार नव्हती. पण मित्रांनो, हल्ली मला भीती वाटते.

मला रोवलं म्हातारबाने. तरुणपणापासून सगळे त्याला याच नावाने हाक मारायचे म्हणे! त्याने मला तासलं, अंगाला डांबर फासलं आणि पाण्यात बुडणाऱ्या भागावर पांढऱ्या रंगाचे पाच पट्टे ओढले, एकाखाली एक. रोज सकाळी होड्या सोडण्याआधी तो वाकून पट्टे मोजायचा आणि घराकडे तोंड करून ओरडायचा, "पाच!" आतून उत्तर यायचं, "चहा निवतोय!" पाच दिसले म्हणजे पाणी तळापर्यंत नितळ.

तळाशी पाणगवत माजलेलं असायचं. त्याची मुळं चिखल धरून ठेवायची. त्याच्या आडोशाला बारीक पाणकिडे राहायचे आणि पाण्यात तरंगणारं हिरवं शेवाळ खाऊन टाकायचे. म्हातारबा होड्यांच्या वाटेतलं गवत तेवढं कापायचा. त्याचा एकच नियम होता. तीनपेक्षा कमी पट्टे दिसले, तर गवताला हात लावायचा नाही.

काय काय सोसलं या तळ्याने! एकदा पूर आला आणि मी डोक्यासकट बुडालो. पाणी चहासारखं झालं. चार दिवसांत गाळ खाली बसला आणि पाचही पट्टे लखलखीत दिसू लागले. एका उन्हाळ्यात तर तळं इतकं आटलं की मी नखशिखांत उघडा पडलो. मला वाटलं, संपलं सगळं. पण पाणी आलं आणि भेगाळलेल्या चिखलातून गवत पुन्हा वर आलं. मासेही कुठूनसे परतले. तेव्हा माझी छाती फुगली होती. आपलं तळं कशालाही पुरून उरतं, असं मला वाटायचं. घरच्यांनाही तसंच वाटायचं, आणि तिथेच घात झाला.

म्हातारबा गेला. मोठा मुलगा त्याच्याही आधी गेला होता. लोकांना होडीतून फिरवणं आणि मासेमारी आता तिघांवर आली. थोरली सून, धाकटी सून आणि धाकटीचा नवरा. थोरली त्याला भावजी म्हणते, म्हणून मीही भावजीच म्हणतो.

भावजी एकदा कपाळाला हात लावून म्हणाले, "वहिनी, वल्ह्यात गवत अडकतं. गिऱ्हाईक वैतागतं. या डबक्यात होडीत कोण बसणार, असं तोंडावर म्हणतात. सगळंच काढू या."

"अहो, पण नियम आहे ना?" थोरली म्हणाली.

"नियम पाळूनच काढू की! तीन पट्टे दिसले की कापायचं, नाही दिसले की थांबायचं."

आणि त्यांनी नियम अगदी इमानदारीने पाळला, बरं का. गवताची एक पट्टी कापली की पाणी गढूळ व्हायचं. मग ते थांबायचे. तीन पट्टे दिसले की पुढची पट्टी कापायची. कापणं, थांबणं, पुन्हा कापणं. गिऱ्हाइकं वाढली, होड्या वाढल्या, घराला नवं छप्पर आलं. सगळे खूश होते.

मी मात्र खूश नव्हतो. पहिल्यांदा पाणी चार दिवसांत निवळलं. पुढे आठवडा लागू लागला. मग पंधरवडा. मग महिना उलटला तरी तिसरा पट्टा आढेवेढे घेऊ लागला. तळं दर वेळी सावरत होतं, पण आजारी माणूस जिना चढताना पायरीगणिक थांबतो, तसं.

हे धाकटीच्या लक्षात आलं. रोज सकाळी वाकायचं काम तिच्याकडे होतं. ती म्हणाली, "जाऊबाई, हल्ली पट्टे दिसायला फार उशीर लागतो हो."

"दिसतात ना शेवटी? मग झालं तर," थोरली म्हणाली. "अगं, पुरातून वाचलंय हे तळं. सावरेल."

मला ओरडावंसं वाटलं. पण खांबाला तोंड कुठलं!

गवताची शेवटची पट्टी निघाली. त्यानंतर एक साधीशी सर आली. पूर नाही, वादळ नाही. असल्या सरी तळ्याने हजारदा अंगावर घेतल्या होत्या. पाणी गढुळलं. धरून ठेवायला मुळं नव्हती, त्यामुळे चिखल वाऱ्याच्या झुळकेनेही उठू लागला. त्यात शेवाळ माजलं. तिघं वाट बघत बसली. तिसरा पट्टा आला नाही. मग दुसरा गेला, आणि एका सकाळी पहिलाही गेला. त्याच सकाळी मासे पोटं वर करून माझ्या अंगाला येऊन टेकले होते. थोरली धक्क्यावर धावत आली. "अरे देवा, हे काय होऊन बसलं!" एवढंच ती म्हणाली.

मग तिघांनी हातपाय हलवले. दुसऱ्या तळ्यावरून टोपल्या भरभरून गवत आणून लावलं. पण त्या काळोख्या पाण्यात उजेडच पोचत नाही. गवत कुजलं आणि पाणी आणखी काळं झालं. काढायला जेवढे कष्ट पडले, त्याच्या दसपट कष्ट करूनही ते परत येईना. आता होड्या उलथ्या पडून आहेत. थोरली दुसऱ्यांच्या घरी कामाला जाते.

मित्रांनो, तुमच्या आसपासही मुकाट्याने सोसणारं कुणीतरी असेल. एखादं तळं, एखादं रान, कदाचित घरातलं माणूसही. ते सावरलं म्हणून निर्धास्त होऊ नका. सावरायला त्याला किती वेळ लागतोय, ते बघा. वेळ वाढायला लागला की तिथेच हात आवरा, माझे आई, माझ्या बाबा! नंतरच्या धावपळीला काही अर्थ नसतो.

परवा भावजींनी पांढऱ्या रंगाचा डबा आणला. पाण्यावरच्या माझ्या अंगावर त्यांनी पाच नवे पट्टे ओढले. लांबून बरं दिसेल, गिऱ्हाईक येईल, असं त्यांचं म्हणणं. दिसतंही बरं. धाकटी मात्र अजून रोज सकाळी धक्क्यावरून वाकते आणि त्या नव्या पट्ट्यांच्या खाली, काळ्या पाण्यात, बराच वेळ बघत राहते. मग ती उठते आणि घराकडे तोंड करून काहीच ओरडत नाही.