काठोकाठ भरलेला निळा डबा

डबा उचलला तेव्हाच तिला तो जड लागला. सकाळी त्यात जेमतेम निम्म्यापर्यंत कुकीज होत्या. झाकण काढलं तर डबा काठोकाठ भरलेला.

सुट्टीला थोरली नणंद आली होती, सहा वर्षांच्या लेकीला घेऊन. पोरगी दिवसभर गरगर फिरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. भिंगरीला शेंगदाणा चालत नसे. आवडत नसे असं नव्हे. कण जरी पोटात गेला तरी घसा सुजून श्वास अडायचा. मागच्या वर्षी त्यापायी तिला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तेव्हापासून सासूबाईंनी कानाला खडा लावला होता. भिंगरी घरात असेल तेव्हा दाणा उंबऱ्याच्या आत यायचा नाही.

पण नवऱ्याला सुट्टीत हव्या असत त्या पीनट बटरच्याच कुकीज, वर चॉकलेट लावलेल्या. मी नीट सांभाळेन, असं तिने मनाशी ठरवलं. काल सासूबाई नणंदेला आणायला स्टेशनवर गेल्या, तेवढ्यात उरकलं. आधी भिंगरीच्या साध्या लोण्याच्या कुकीज केल्या, चॉकलेट लावून त्या निळ्या डब्यात बंद केल्या आणि मगच दाण्यांची पिशवी फोडली. दाणे भाजले, सोलले, मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटले. खिडक्या उघड्या टाकल्या, ओटा तीनदा पुसला. दोन्हींवर चॉकलेट चढल्यावर मात्र कुठली कुठली ते तिलाही ओळखू येईना. तिथेच मनात पाल चुकचुकली होती. पण डबे वेगळे होते. दाण्याच्या कुकीजचा लाल डबा माळ्यावर, मागे. सासूबाईंना तिने एवढंच सांगितलं, भिंगरीला निळ्यातलीच द्या. का, ते सांगायची सोय नव्हती.

आता लाल डबा ओट्यावर रिकामा पडला होता.

"आई, हा कुणी भरला?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी. माळ्यावर टोपली शोधत होते, तर मागे दडवलेला डबा सापडला. माझ्या नातीचा डबा निम्मा, आणि तुमचा गच्च? प्रोफेसरबाई, पाहुण्या पोरीला कुणी असं मोजूनमापून देतं का?" सून कॉलेजात शिकवायची, म्हणून टोमणा मारताना त्या तिला असंच म्हणत.

तिने झाकण खाली ठेवलं. "दिलीत तिला?"

"दोन. मघाशीच."

अजूनही गप्प राहता आलं असतं. एखाद वेळेस त्या दोन्ही साध्याच निघाल्या असत्या.

"आई, लाल डब्यातल्या दाण्याच्या होत्या."

सासूबाईंच्या हातातली भाजी हातातच राहिली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

भिंगरी आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती. इतकी शांत बसलेली तिला कुणी पाहिली नव्हती. ओठ फुगलेले, मानेवर लाल चट्टे, आणि ती पुन्हा पुन्हा आवंढा गिळत होती. नणंदेने पोरीकडे एकदाच पाहिलं. पर्समधून ॲलर्जीच्या इंजेक्शनचं पेन काढलं, पोरीच्या मांडीत दाबलं आणि तिला उचलून जिना उतरली. नवऱ्याने गाडी काढली. दवाखाना पंधरा मिनिटांवर होता.

मागच्या सीटवर भिंगरी आई आणि मामीच्या मध्ये होती, आईच्या खांद्याला टेकलेली. पहिल्याच चौकात गाड्यांची रांग लागली होती.

"मामी," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता, जाड, चिकटलेला. "कुकी छान होती."

"बोलू नकोस, बाळा," नवरा पुढून म्हणाला.

"बोलू दे तिला," नणंद म्हणाली. तिची नजर पोरीच्या ओठांवरून हलत नव्हती. मग तिने पहिल्यांदाच भावजयीकडे पाहिलं. "तू विचार तिला काहीतरी. विचारत राहा. ती बोलतेय तोवर श्वास चाललाय."

तिने भिंगरीचा हात हातात घेतला. कुकीवर काय होतं, विचारलं. चॉकलेट, भिंगरी म्हणाली. तुझ्या वर्गात कोण बसतं शेजारी, विचारलं. भिंगरीने सांगितलं, पण नाव नीट कळलं नाही. समोरची रांग थोडी सरकली आणि पुन्हा थांबली.

"आणि बाईंचं नाव काय गं तुझ्या?"

या वेळी उत्तर यायला वेळ लागत होता.