मागच्या चाकांवरचं वजन

"अरे, एकदम टोकाला नको! मागच्या चाकांच्या बरोब्बर वर ठेव. टोकाला वजन टाकलंस तर पुढची चाकं हलकी होतील, मग स्टिअरिंग तुझं ऐकणार नाही."

हे अमितच्या गाडीच्या डिकीत अर्धे वाकून बोलत होते. अमित आणि वीणा त्या उन्हाळ्यात पुण्याहून नोव्हायला आले होते आणि आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहत होते. मिशिगनमधला त्यांचा हा पहिला हिवाळा.

"पण काका, हे तर तांदूळ आहेत!" वीणा म्हणाली.

"मग? वाळूचा भात होतो का?"

वीणा इतकी हसली की तिच्या हातातली दोरी खाली पडली.

श्रीराम, म्हणजे आमचे हे, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ड्राफ्ट्समन होते. दिवसभर कुणीतरी ठरवलेल्या गोष्टींच्या रेघा आखायच्या. तिथे त्यांना कोणी काही विचारत नसे. पण नोव्हेंबर आला की गावातल्या मराठी घरांमधून फोन सुरू होत. तेव्हा बहुतेकांच्या गाड्या जुन्या, लांबलचक, इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या. इंजिन पुढे, मागे सगळं हलकं. बर्फावर ती चाकं नुसती जागच्या जागी फिरायची. मग हे जायचे, मागे बर्फाचे टायर चढवून द्यायचे, डिकीत वजन बांधून द्यायचे. "गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सोडायची, आणि पाय असा ठेवायचा की खाली अंडं आहे," हे वाक्य मी किती घरांच्या अंगणात ऐकलं असेल!

तांदळाची युक्ती त्यांचीच. ऑक्टोबरमध्ये आम्ही पाच तास ड्राइव्ह करून शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांत जायचो आणि वर्षाचा तांदूळ आणायचो. वीस वीस पौंडांच्या आठ पिशव्या. घरात ठेवल्या तर उन्हाळ्याआधी पोरकिडे होत. डिकीतल्या थंडीत एक किडा जगत नसे. नियम एकच होता. एक पिशवी स्वयंपाकघरात आली की गराजमधली एक वाळूची पिशवी डिकीत गेली पाहिजे.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत मराठी मंडळाची संक्रांत होती. तीनशे माणसांचा मसालेभात वीणाच्या अंगावर आला. शनिवारी सकाळी ती धावत आली.

"शरयूकाकू, तांदूळ कमी पडतोय. आणि आमच्या पिशव्या अमितबरोबर ऑफिसला गेल्यात!"

हे झोपले होते. मी चाव्या घेतल्या आणि आमच्या डिकीतल्या सहा पिशव्या तिला दिल्या. वाळू नंतर ठेवू म्हटलं. रस्ते कोरडे होते. मग हळदीकुंकू, तिळगूळ, रात्री भांडी. राहून गेलं.

मंगळवारी सकाळी सात वाजता सांगलीहून दिरांचा, गिरीशचा, फोन आला. आमच्याकडे आदल्या रात्री आधी पाऊस गोठला होता आणि त्यावर बर्फ पडला होता.

"दादा, आई फार दिवस काढणार नाही. सारखं तुझंच नाव घेतेय. येतोस ना?"

"निघालोच," हे म्हणाले.

दुपारी दोनच्या न्यूयॉर्कच्या विमानात आणि तिथून मुंबईच्या विमानात एक जागा मिळाली. त्यानंतरची थेट शनिवारची. टॅक्सीवाले फोन उचलत नव्हते. साडेदहाला आम्ही निघालो. आमच्या लेकीची, सुलेखाची, शाळा बंद होती, तीही मागच्या सीटवर बसली.

आमची गल्ली खोलगट होती. मोठ्या रस्त्याला लागायला छोटासा चढ होता. गाडी चढाच्या मध्यावर पोहोचली, तिचं शेपूट डावीकडे सरकलं आणि आम्ही उलटे खाली आलो. यांनी पुन्हा गाडी घेतली. पुन्हा तेच.

"काय झालंय हिला आज?" म्हणत ते उतरले आणि त्यांनी डिकी उघडली.

मी आरशात पाहत होते. उघडलेल्या झाकणामुळे ते दिसत नव्हते. मी उतरून मागे गेले.

"वीणाला दिले. संक्रांतीला," मी म्हणाले. "अहो, वाळू ठेवायची राहिली."

त्यांनी झाकण लावलं. घरी जाऊन त्यांनी गराजचं दार ओढलं. ते खालून गोठून जमिनीला चिकटलं होतं. उकळतं पाणी ओतून ते सुटेपर्यंत पाऊण तास गेला. वाळूच्या पिशव्या बाहेरच्या बाजूने ओल्या होऊन दगड झाल्या होत्या, एकमेकींना धरून बसल्या होत्या. दोनच सुटल्या.

"मी बसते डिकीत," मी म्हणाले.

"वेडी आहेस का?"

"एकशे तीस पौंड आहे मी. बसते."

सुलेखा रडायला लागली. "बाबा, डोंट पुट आई इन देअर!"

मी कोट गुंडाळून चाकांच्या बरोब्बर वर बसले. झाकण उघडंच. गाडी इंच इंच वर सरकत होती आणि घसरणारी गल्ली माझ्यासमोर खाली जात होती. चौथ्या खेपेला आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो.

विमानतळावर पोहोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. एवढ्या बर्फात ते विमान वेळेवर गेलं होतं.

सासूबाई गुरुवारी संध्याकाळी गेल्या. मंगळवारच्या विमानाने हे गुरुवारी दुपारी सांगलीत पोहोचले असते. हा हिशेब मी एकदाच केला. तो अजून संपलेला नाही.

गिरीशचा फोन आला तेव्हा मी शेजारीच उभी होते.

"नाही रे," हे म्हणत होते, "विमानच कॅन्सल झालं. इकडे बर्फ फार आहे."

शनिवारचं तिकीट त्यांनी रद्द केलं. दहाव्या दिवशी मॉलमधल्या न्हाव्याकडे जाऊन केस उतरवून आले. ऑफिसात कोणी विचारलं की नाही, मला माहीत नाही.

त्याच संध्याकाळी वीणा जेवण घेऊन आली. पिठलं, भाकरी, झाकलेल्या डब्यात काहीबाही. ती एकेक डबा टेबलावर मांडत होती. मग म्हणाली, "काका, विमान चुकलं असं कुणीतरी म्हणत होतं. आमच्यामुळे तर काही..."

"चुकलं नाही गं," ते म्हणाले. "कॅन्सल झालं. रस्ता मोकळा असता तरी काय उपयोग होता?"

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, नंतरच्या सव्वीस वर्षांतही हा विषय निघाला की कधी पाहिलं नाही.

वीणा जायला निघाली तेव्हा पुन्हा बर्फ सुरू झाला होता. हे तिच्याआधी बाहेर गेले आणि तिच्या गाडीच्या काचा खरवडू लागले. आधी पुढची, मग दोन्ही बाजूंच्या, मग मागची. मी टोपी घेऊन दारापर्यंत गेले, पण हाक मारायचा धीर झाला नाही. त्या उघड्या, गुळगुळीत डोक्यावर बर्फ पडत होता, वितळून कानामागून ओघळत होता, आणि ते कोपऱ्यातला शेवटचा तुकडा नखाने काढत होते.