हिरड्याचे दोन वेढे

मी एक क्युव्हेट आहे. नाव जड वाटत असेल, तर कॉलेजातली पोरं म्हणतात तसं 'काचेची डबी' म्हणा, मला चालतं. बोटाएवढी उंच, चौकोनी. भट्टीत जन्मले आणि कापसात गुंडाळून वारूळवाडीच्या एका प्रयोगशाळेत आले. पोटात द्रव घ्यायचा आणि यंत्रात उभं राहायचं, एवढंच माझं काम. यंत्र माझ्यातून प्रकाश सोडतं आणि किती अडला ते आकड्यात सांगतं.

कितीतरी हातांनी मला हाताळलं. कुणी घाईत विसळलं, कुणी पेनच्या टोकानं खरवडलं. आहुपे गावची नूतन मात्र मला तान्ह्या बाळासारखं धुवायची.

तिचा प्रकल्प खाण्यातल्या अँटिऑक्सिडंटचा होता. एक जांभळं द्रावण असतं. त्यात फळाचा किंवा पाल्याचा अर्क घालून अर्धा तास अंधारात ठेवायचं. अर्कात दम असेल तर जांभळा रंग विरून पिवळसर होतो आणि आकडा उतरतो. आवळा झाला, नाचणी झाली, नारायणगावचा टोमॅटो झाला. शेवटी तिनं पिशवीतून हिरडे काढले. तिच्या आईनं, लंकाबाईनं, स्वतः झाडावर चढून काढलेले, अंगणात वाळवलेले. पण हे तिनं वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. वहीत नुसतं 'रानातला नमुना' असं लिहिलं होतं.

हिरडा सपशेल नापास झाला. आकडा उतरेचना, टोमॅटोच्याही मागे!

तिनं तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. प्रकल्प बघणाऱ्या रुपाली मॅडम हळूच म्हणाल्या, "नूतन, उद्या सादरीकरण आहे. माल जुना असेल. हा नमुना वगळ."

"हो मॅडम," ती म्हणाली. पण मला रिकामं न करता तशीच टेबलावर ठेवलं.

मला कारण ठाऊक होतं. माझ्या पोटातला अर्क कोऱ्या चहासारखा काळपट होता. जांभळा रंग केव्हाच गेला होता. प्रकाश अडत होता तो हिरड्याच्याच रंगानं. पण काचेला तोंड कुठलं?

त्याच दुपारी लंकाबाई लेकीला तांदूळ द्यायला एसटीनं आली. विचारत विचारत प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोचली, चपला बाहेर काढून आत आली. नूतन आधी बावरली. मग तिनं आईला स्टुलावर बसवलं आणि स्वतःच रडू लागली.

"आय, आपल्या हिरड्यात कायच निघालं नाय गं."

"आपल्या? बघू." लंकाबाईनं मला उजेडात धरलं. "अगं बाय! किती घातलास?"

"मूठभर. उकळून."

"मूठभर?" लंकाबाईला हसूच आलं. "तू तान्ही व्हतीस तवा सहाणेवर दोन वेढे उगाळून द्यायची मी. दोनच! लई जालीम असतोय त्यो. पानी घाल की त्यात."

नूतननं डोळे पुसले. मग उठली. एक थेंब अर्क, शंभर थेंब पाणी. पुन्हा जांभळं द्रावण, पुन्हा अंधाऱ्या कपाटात अर्धा तास. तेवढा वेळ मायलेकी शेजारी बसल्या. लेकीचा हात आईनं आपल्या मांडीवर घेतला होता.

कपाट उघडलं, द्रावण माझ्यात ओतलं. जांभळ्याचा मागमूस नव्हता. लिंबाच्या सालीसारखा फिका पिवळा रंग. यंत्रातला आकडा खाली, खाली, आवळ्याच्याही खाली उतरला.

"मॅडम!" नूतन ओरडली.

रुपाली मॅडम धावत आल्या. आकडा दोनदा वाचला. "पाणी घालायचं कुणी सुचवलं? मलाही सुचायला हवं होतं."

नूतननं लंकाबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या आयनं. हिरडाही तिनंच काढलाय." दुसऱ्या दिवशी तक्त्यात हिरड्यापुढं आईचं नाव लिहूनच ती सादरीकरणाला उभी राहिली.

आता नूतन पुढच्या शिक्षणाला गेलीय. माझा वरचा एक कोपरा उडालाय, म्हणून यंत्रात माझं काम उरलं नाही. खिडकीत उभी असते. जाता जाता एवढंच सांगते: मोजताना कधी आकडा रुसला, तर ते फळ ज्याच्या हातून आलं त्याला विचारा. मला बोलता येत नव्हतं. त्याला येतं.

परवा शिपाई गेणूमामांनी माझ्यात पाणी घालून तुळशीची एक काडी ठेवली. तिला पांढरं मूळ फुटतंय.